हातात नोंदणी आहे, मग ऑनर्स पदवी कशासाठी?

गेल्या अंकात या सदरात परिचारिकांच्या पुढील शिक्षणाविषयी एका वाचक भगिनीला थोडक्यात उत्तर दिले होते. त्यानंतर ठाणे, कळवा, ऐरोली, कोपरखैरणे आणि नेरूळ येथून बरीच पत्रे आली. बहुतेक पत्रलेखक नोंदणीकृत आहेत, नोकरीत आहेत आणि आता पदवी घ्यावी का, घेतली तर कोणती घ्यावी, या विचारात आहेत. त्यांपैकी पाच पत्रांना येथे उत्तरे देत आहे. पत्रलेखकांच्या इच्छेनुसार त्यांची नावे आणि रुग्णालयांची नावे दिलेली नाहीत.

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी कोपरखैरण्याला राहते आणि ठाण्यातील एका खासगी रुग्णालयात 11 वर्षे नोकरी करते. बारावीनंतर जीएनएम, म्हणजे सामान्य परिचर्या व प्रसविका पदविका, केली. महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे माझी नोंदणी आहे आणि नूतनीकरणही वेळेवर केलेले आहे. मागच्या वर्षी आमच्या अतिदक्षता विभागाच्या इन-चार्ज सिस्टर निवृत्त झाल्या, तेव्हा ती जागा मला मिळेल असे सगळेच म्हणत होते. प्रत्यक्षात माझ्या हाताखाली शिकलेल्या, बी.एस्सी. झालेल्या मुलीला ती मिळाली. आता कुणी पोस्ट बेसिक (जीएनएमनंतरची बी.एस्सी.) कर म्हणते, कुणी ती इग्नूतून (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठातून) कर म्हणते, आणि एका सल्लागार संस्थेने ब्रिटनमधील विद्यापीठाची ऑनर्स पदवी एका वर्षात घरबसल्या मिळेल असे सांगितले आहे. मुलगी चौथीत आहे. मी आधीच नोंदणीकृत असताना ऑनर्सने नेमके काय मिळेल, आणि या तीन मार्गांपैकी कोणता निवडावा?

उत्तर : ज्या मुलीला आपण व्हेंटिलेटरचा अलार्म ओळखायला शिकवले, तिच्याकडूनच ड्यूटीचा तक्ता घ्यावा लागणे किती जड जाते, हे मला ठाऊक आहे. मीही जीएनएम करूनच या व्यवसायात आले. तरीही निर्णय त्या रागाच्या भरात घेऊ नका, कारण जो अभ्यास तुम्ही करणार आहात तो दोन-तीन वर्षे चालणार आहे आणि राग तितका काळ पुरत नाही.

सर्वांत आधी हे लक्षात घ्या की पदवीने तुमची नोंदणी मोठी होत नाही. जीएनएम झालेली आणि बी.एस्सी. झालेली अशा दोघीही परिषदेच्या नोंदवहीत नोंदणीकृत परिचारिका आणि नोंदणीकृत प्रसविका म्हणूनच असतात. रात्री तीन वाजता चुकीचे इंजेक्शन दिले गेले तर दोघींची जबाबदारी सारखीच असते. तेव्हा पदवी ही तुमच्या 11 वर्षांच्या कामावरची दुरुस्ती आहे, असे कुणी सुचवले तर ते मनावर घेऊ नका. पदवीने दारे उघडतात ती वेगळी : इन-चार्ज आणि त्यावरील पदे, पाठ्यनिर्देशिकेचे (परिचर्या शिकवणाऱ्या शिक्षिकेचे) काम, एम.एस्सी. नर्सिंग, आणि स्वतःच्या कामाकडे प्रश्न विचारून पाहण्याची सवय. या शेवटच्या गोष्टीला मी सर्वांत जास्त मोल देते. त्याविषयी पुढच्या एका पत्राच्या उत्तरात लिहिले आहे.

आता ‘ऑनर्स’ या शब्दाविषयी लिहिते, कारण सगळा घोळ तिथेच होतो. आपल्या देशात बी.एस्सी. ऑनर्स नर्सिंग म्हणजे बारावीनंतर थेट प्रवेशाचा 4 वर्षांचा अभ्यासक्रम. दिल्लीच्या राजकुमारी अमृत कौर परिचर्या महाविद्यालयात 1946 पासून परिचर्येचे पदवी शिक्षण दिले जाते आणि तेथील पदवी ऑनर्सची आहे. दिल्लीच्या एम्समध्येही बी.एस्सी. ऑनर्स आहे. नोंदणीकृत जीएनएम परिचारिकेसाठी आपल्याकडे जो जिना बांधलेला आहे त्याचे नाव मात्र पोस्ट बेसिक बी.एस्सी. नर्सिंग. त्या पदवीपुढे ऑनर्स हा शब्द नसतो, पण त्यामुळे ती उणी ठरत नाही. एम.एस्सी.च्या प्रवेशासाठी बी.एस्सी., बी.एस्सी. ऑनर्स आणि पोस्ट बेसिक या तिन्ही पदव्या एकाच ओळीत धरल्या जातात, आणि अट असते ती किमान 55 टक्के गुणांची व एक वर्षाच्या अनुभवाची. पोस्ट बेसिक करणारीच्या बाबतीत हा अनुभव पदवीच्या आधीचाही चालतो. म्हणजे तुमची 11 वर्षे तिथे वाया जात नाहीत.

ब्रिटनमध्ये ऑनर्स या शब्दाचा अर्थ निराळा आहे. तेथील ऑनर्स पदवी बहुतेक ठिकाणी एकूण 360 श्रेयांकांची (क्रेडिट्सची) असते, दर वर्षाच्या पातळीला 120. ज्या परिचारिकांनी पूर्वी पदविका घेऊन नोंदणी केली, त्यांच्या आधीच्या शिक्षणाला पहिल्या दोन पातळ्यांचे श्रेय देऊन फक्त शेवटच्या पातळीचे 120 श्रेयांक पूर्ण करून घेण्याची सोय अनेक विद्यापीठांनी केली. तिला ते टॉप-अप म्हणतात. 2013 पासून तिथे नवीन परिचारिकेचे नोंदणीपूर्व शिक्षणच पदवीचे झाले, त्यामुळे पदविका घेतलेल्या जुन्या परिचारिकांना हा मार्ग महत्त्वाचा वाटू लागला. तुम्हाला सांगितलेली एक वर्षाची पदवी ती हीच. पदवी खोटी नाही, अभ्यासही कसदार असतो. मी स्वतः तो केला आहे. परंतु ती तिथल्या परिचारिकांची तिथली गरज भागवण्यासाठी आखलेली आहे. ठाण्यात राहून, ठाण्यातच इन-चार्ज व्हायचे असेल किंवा येथेच एम.एस्सी. करायची असेल, तर भारतीय परिचर्या परिषदेने मान्य केलेली परिचर्या पदवी लागते. घरबसल्या घेतलेली परदेशी पदवी त्या जागी चालेल, असे परिषदेकडून लेखी हाती आल्याशिवाय एक रुपयाही भरू नका. सल्लागार संस्थेचे तोंडी आश्वासन किंवा रंगीत माहितीपत्रक म्हणजे लेखी उत्तर नव्हे.

उरले दोन मार्ग. नियमित पोस्ट बेसिक 2 वर्षांचे आणि पूर्णवेळ आहे. पहिल्या वर्षाला सूक्ष्मजीवशास्त्र, आहारशास्त्र, जीवरसायन व जीवभौतिकी, मानसशास्त्र आणि वैद्यकीय-शल्य परिचर्येसारखे विषय असतात. दुसऱ्या वर्षी समाजशास्त्र, सामुदायिक आरोग्य, मानसिक आरोग्य, आणि त्यांबरोबर परिचर्या शिक्षण, प्रशासन व संशोधन यांची ओळख. तुमच्या घरापासून नेरूळ आणि कामोठे येथील अभिमत विद्यापीठांची परिचर्या महाविद्यालये लोकलने सहज गाठता येतात. मात्र कोणत्याही महाविद्यालयात चौकशी करताना तेथील पोस्ट बेसिकला त्या वर्षाची मान्यता आहे का, असे नेमके विचारा. बी.एस्सी.ची मान्यता आहे म्हणजे पोस्ट बेसिकची असेलच, असे गृहीत धरू नका.

आणखी एका गोष्टीविषयी मी जरा कडक लिहिणार आहे. ‘प्रवेश घ्या, नोकरी चालू ठेवा, हजेरीचे आम्ही पाहतो’ असे सांगणारे काही ठिकाणी भेटतात. परीक्षेला बसण्यासाठी लेखी आणि प्रात्यक्षिक दोन्हींत 80 टक्के हजेरी लागते आणि पदवी हाती पडण्यापूर्वी प्रात्यक्षिकांचे तास शंभर टक्के भरावे लागतात. हे तास कागदावर भरून घेतलेली पदवी पुढे कधी तपासली गेली तर नुकसान तुमचे होईल, हजेरी ‘पाहणाऱ्याचे’ नव्हे. शिवाय ज्या शिक्षणासाठी रुग्णाजवळ उभे राहावेच लागत नाही, ते तुमच्यासारख्या अतिदक्षता विभागातील सिस्टरला काय शिकवणार?

नोकरी सोडणे शक्य नसेल, आणि चौथीतल्या मुलीच्या आईला दोन वर्षे बिनपगारी काढणे अवघड असते हे मी समजते, तर इग्नूचा पोस्ट बेसिक अभ्यासक्रम नोकरीतील परिचारिकांसाठीच आखलेला आहे. त्याला किमान 3 वर्षे लागतात, प्रवेश परीक्षा असते, आणि बारावी व जीएनएम झालेल्या परिचारिकेला नोंदणीनंतरचा किमान 2 वर्षांचा अनुभव लागतो. संपर्क वर्ग आणि प्रात्यक्षिके नेमून दिलेल्या केंद्रावर जाऊन करावीच लागतात, त्यामुळे अर्ज करण्यापूर्वी त्या दिवसांच्या सुट्टीविषयी तुमच्या मेट्रनशी बोला आणि झालेले बोलणे पत्रावर उतरवून घ्या. तोंडी मिळालेली सुट्टी वॉर्ड भरला की रद्द होते.

माझे मत विचाराल तर घरात दोन वर्षांच्या खर्चाची तजवीज होत असेल तर नियमित पोस्ट बेसिक करा. मुलगी सहावीत जाईल तेव्हा तुमच्या हातात पदवी असेल. तजवीज होत नसेल तर इग्नू. ब्रिटनची ऑनर्स सध्या नको.

प्रश्न : मी कळव्याचा. जीएनएम करून 5 वर्षे मेल नर्स म्हणून काम करतो. मला ब्रिटनमध्ये नोकरी करायची आहे. एका एजंटने सांगितले की ऑनर्स पदवीशिवाय तेथे नोंदणी होत नाही, म्हणून आधी त्यांच्यामार्फत ऑनर्सला प्रवेश घ्यावा. हे खरे आहे का?

उत्तर : हे खरे नाही. ब्रिटनच्या परिचर्या व प्रसविका परिषदेकडे परदेशात शिकलेल्या परिचारिकेची नोंदणी पदवीच्या नावावर अडत नाही. जीएनएम झालेल्या अनेक भारतीय परिचारिका आणि ब्रदर तेथे नोंदणी करून काम करत आहेत. त्यासाठी तुमचे मूळ शिक्षण, येथील नोंदणी, इंग्रजी आणि क्षमता यांची तपासणी होते. इंग्रजीसाठी आयईएल्टीएस दिली तर वाचन, श्रवण आणि संभाषणात किमान 7 आणि लेखनात किमान 6.5 गुण लागतात. ओईटी (आरोग्य व्यावसायिकांसाठीची इंग्रजी परीक्षा) दिली तर पहिल्या तिन्हींत बी आणि लेखनात सी प्लस. क्षमतेच्या परीक्षेचे दोन भाग असतात. पहिला संगणकावरचा, त्यात औषधांच्या मात्रांचे गणित आणि परिचर्येचे ज्ञान तपासतात. दुसरा ब्रिटनमध्ये जाऊन द्यायचा प्रात्यक्षिक भाग, त्यात 10 ठिकाणी तुमची पाहणी होते.

याच्या उलट, नुसती टॉप-अप ऑनर्स घेतल्याने ही नोंदणी आपोआप होत नाही. ऑनर्स करूनही क्षमतेच्या परीक्षेच्या या पायऱ्या चढाव्याच लागतात. विद्यार्थी व्हिसावर गेलात तर सत्र चालू असताना आठवड्याला 20 तासांपेक्षा जास्त काम करता येत नाही, आणि परिषदेची नोंदणी होईपर्यंत नोंदणीकृत परिचारिका म्हणून तर करताच येत नाही. हे गणित न समजून घेता घरचे दागिने गहाण टाकून गेलेली मुले मी पाहिली आहेत. तुम्ही आधी इंग्रजीच्या तयारीला लागा. ऑनर्स करायचीच असेल तर तेथे नोंदणी होऊन, नोकरीत स्थिरावल्यावर अर्धवेळ करा. काही रुग्णालये आपल्या परिचारिकांच्या अशा शिक्षणाचा खर्चही उचलतात.

प्रश्न : मी नवी मुंबईत पोस्ट बेसिकच्या दुसऱ्या वर्षाला आहे. त्याआधी 8 वर्षे वॉर्डमध्ये काढली. प्रात्यक्षिकांत मला कुणी मागे टाकत नाही, पण संशोधन हा विषय आणि इंग्रजीतून लिहायचे निबंध यांनी रडवले आहे. मॅडम म्हणतात की मी ‘फक्त वर्णन’ लिहिते. विषय सुचत नाही, सुचला तर काय लिहावे कळत नाही. आमच्यासारख्या वॉर्डमध्ये वाढलेल्या बायकांना हे जमते का?

उत्तर : हाच शेरा मलाही मिळाला होता. नोंदणीनंतर बऱ्याच वर्षांनी मी ऑनर्ससाठी गेले. पहिला निबंध शय्याव्रण (सतत पडून राहिल्याने होणाऱ्या जखमा) टाळण्यावर होता. रुग्णाला दर दोन तासांनी कूस कशी बदलायची, टाचेखाली आधार कसा द्यायचा, चादरीच्या सुरकुत्या का काढायच्या, हे सगळे मी मन लावून लिहिले आणि मला 42 गुण मिळाले. तिथे 40 ला उत्तीर्ण होतात आणि 70 च्या वर प्रथम वर्ग. शिक्षिकेने शेवटी लिहिले होते की तुम्ही काय करता ते मला कळले, परंतु दोनच तासांनी का, तीन तासांनी का नाही, आणि हे कुणी तपासून पाहिले आहे, ते कळले नाही. तो कागद मी कित्येक दिवस पिशवीत घेऊन फिरत होते. अपमान वाटला होता. नंतर लक्षात आले की पंधरा वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न मला कुणीही विचारला नव्हता आणि मीही कुणाला विचारला नव्हता.

तुमचा विषय तुमच्या वॉर्डमध्येच आहे. एक उदाहरण देते. काही आठवड्यांपूर्वी मी विद्यार्थिनींबरोबर एका पुरुष वॉर्डमध्ये होते. खिडकीजवळच्या खाटेवर सत्तरीचे एक आजोबा होते. डाव्या मनगटाच्या वर इंट्राकॅथ (सलाईनसाठी शिरेत बसवायची नळी) बसवलेले आणि त्यावर चिकटपट्टीचे चार थर. पट्टीवर पेनाने लिहिलेली तारीख घामाने पुसट झाली होती, 6 की 8 ते वाचता येत नव्हते. आजोबा काही बोलत नव्हते, फक्त तो हात दुसऱ्या हाताने धरून बसले होते. पट्टीची कड सोडवून पाहिले तर सुईच्या टोकापासून कोपराच्या दिशेने दोन बोटे लांब लाल रेघ गेली होती, त्वचा गरम होती आणि बोटाखाली शीर सुतळीसारखी ताठ लागत होती. विद्यार्थिनीने लगेच सांगितले की मॅडम, 72 तास झाले असतील, बदलायला हवे होते. मी विचारले, 72 का? ती म्हणाली, तसा नियम आहे.

येथून तुमचे संशोधन सुरू होऊ शकते. हा नियम कुठून आला, तो कुणी तपासला? क्लेअर रिकर्ड या ऑस्ट्रेलियातील परिचारिका-संशोधक. त्यांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तेथील तीन रुग्णालयांत 3,283 रुग्णांवर हेच तपासले आणि 2012 मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात निष्कर्ष प्रसिद्ध केले. एका गटात नळी दर तिसऱ्या दिवशी बदलली, दुसऱ्या गटात दुखणे, सूज, गळती अशी लक्षणे दिसली तरच बदलली. शीर सुजण्याचे प्रमाण दोन्ही गटांत सारखेच, 7 टक्के निघाले. म्हणजे केवळ दिवस भरले म्हणून रुग्णाला पुन्हा टोचण्याने काही साधले नाही. वॉर्डमध्ये उभ्या राहणाऱ्या बाईने विचारलेल्या प्रश्नाने हजारो रुग्णांच्या हातावरचे टोचणे वाचवता येते, याचा मला आजही आनंद होतो.

इथपर्यंत लिहिलेत तर तेही वर्णनच झाले, फक्त जरा वरच्या दर्जाचे. विवेचन यापुढे सुरू होते. त्या चाचणीत नळीची जागा नियमितपणे पाहिली जात होती. आपल्या आजोबांच्या हातावर चिकटपट्टीचे चार थर होते. आतले दिसतच नव्हते. पारदर्शक पट्टी महाग म्हणून वापरली जात नव्हती. रात्रपाळीला एका सिस्टरकडे किती रुग्ण होते, ते तुम्ही जाणताच. मग ‘लक्षण दिसल्यावर बदला’ हा नियम अशा वॉर्डमध्ये सुरक्षित ठरेल का? जिथे जागा दर पाळीला पाहिली जाते तिथे दिवस मोजण्याची गरज नाही, पण जिथे ती पाहिली जात नाही तिथे दिवस मोजणे हाच उरलेला आधार असतो. जून-जुलैच्या दमट हवेत पट्टी किती वेळ चिकटून राहते, हा प्रश्न ऑस्ट्रेलियातील संशोधकांना कदाचित पडला नसेल. ठाण्यातील सिस्टरला तो रोज पडतो. हे तुम्हालाच लिहिता येईल, कारण तुम्ही ते पाहिले आहे. आठ वर्षे वॉर्डमध्ये काढल्यामुळे तुम्ही मागे पडला आहात असे समजू नका. नुकत्याच बारावी होऊन आलेल्या मुलीला हा परिच्छेद सुचणारच नाही.

दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पासाठी फार मोठे काही मांडू नका. एका वॉर्डमध्ये ठरावीक दिवस, ठरावीक वेळी प्रत्येक इंट्राकॅथची जागा पाहायची, लाली, सूज, दुखणे यांची 0 ते 5 अशी जी श्रेणी प्रचलित आहे तिच्यानुसार नोंद करायची, पट्टीवर तारीख वाचता येते का ते लिहायचे. परवानगी आणि रुग्णाची संमती घ्यायची. एवढ्यावर उत्तम काम उभे राहते.

इंग्रजीचे म्हणाल तर माझा अनुभव असा की अडचण बहुतेक वेळा इंग्रजीची नसते, विचार अर्धा असण्याची असते. आधी मराठीत लिहा. प्रत्येक परिच्छेदासाठी मी काय म्हणते, ते कशावरून म्हणते आणि कुठे ते लागू पडणार नाही, एवढे तीनच प्रश्न सोडवा. मग ते इंग्रजीत न्या, वाक्ये लहान ठेवा. वाचनासाठी वेगळा वेळ मिळत नाही ही तक्रार सगळ्याच जणी करतात. मी ठाणे-पनवेल लोकलमध्ये बसून एका फेरीत एका लेखाचा गोषवारा वाचत असे, ऐरोलीपर्यंत एकदा आणि तुर्भ्यापर्यंत पुन्हा एकदा. दुसऱ्या वाचनात कळत असे. ज्या वाक्यातली माहिती तुमची नाही, तिथे ती कुणाची हे लगेच लिहून ठेवा. शेवटी शोधू म्हटले की सापडत नाही, आणि मग नकळत दुसऱ्याचे वाक्य आपल्या नावावर जाते. मॅडमकडे जाताना ‘मला जमत नाही’ असे सांगत जाऊ नका. परिच्छेद घेऊन जा आणि कोणत्या वाक्यापाशी अडलात ते दाखवा.

प्रश्न : मी 29 वर्षांच्या सेवेनंतर परिसेविका (वॉर्डची प्रमुख सिस्टर) म्हणून निवृत्तीच्या जवळ आले आहे. ठाण्यातच सगळी नोकरी झाली. मला आता पदवी नको. पण एक प्रश्न मनापासून विचारते. पदवी घेऊन येणाऱ्या मुली संगणकावर झरझर नोंदी करतात, पण रुग्णाचा घाम पुसायला हात पुढे येत नाही. मग या पदव्यांनी रुग्णाला काय मिळते?

उत्तर : बाई, तुमच्यासारख्या परिसेविकांच्या हाताखालीच आम्ही घडलो, त्यामुळे हा प्रश्न मी टाळणार नाही. लिंडा एकेन या अमेरिकी परिचारिका-संशोधिकेने सहकाऱ्यांसह युरोपातील 9 देशांतील 300 रुग्णालयांची माहिती तपासली. शस्त्रक्रिया झालेल्या 4 लाखांहून अधिक रुग्णांच्या नोंदी त्यात होत्या. 2014 मध्ये ते काम प्रसिद्ध झाले. ज्या रुग्णालयात पदवीधर परिचारिकांचे प्रमाण 10 टक्क्यांनी जास्त, तिथे रुग्ण 30 दिवसांत दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी कमी, असे त्यात आढळले. त्याच अभ्यासात दुसरी गोष्टही आढळली, आणि ती पदव्यांची जाहिरात करणारे कधी सांगत नाहीत : परिचारिकेवर एका रुग्णाचा भार वाढला की दगावण्याची शक्यता 7 टक्क्यांनी वाढते. म्हणजे शिकलेली परिचारिका हवी आणि तिच्याकडे झेपतील तेवढेच रुग्ण हवेत, दहा-वीस जास्तीचे नव्हेत. अशा अभ्यासातून दोन गोष्टी एकत्र आढळतात एवढे कळते. एकीमुळेच दुसरी घडली हे त्यातून सिद्ध होत नाही, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवे. तरी मला ते पटते, कारण रुग्णाची प्रकृती ढासळू लागते तेव्हा पहिली चिन्हे परिचारिकेलाच दिसतात. श्वासाची गती मिनिटाला 18 वरून 26 झाली याचा अर्थ ओळखणे आणि रात्री डॉक्टरांना उठवून तो ठामपणे सांगणे, यासाठी ज्ञान लागते आणि त्या ज्ञानातून येणारा धीरही.

घाम पुसण्याविषयी तुम्ही म्हणता ते मी मान्य करते. माझ्या वर्गातही अशा मुली येतात. पण त्यांना स्पर्श शिकवायचा तो वॉर्डमध्ये, आणि तिथे शिकवणारी बाई पदवीधर असेलच असे नाही. बहुधा ती तुमच्यासारखी परिसेविका असते. निवृत्तीपूर्वीच्या या काळात नव्या मुलींना हँडओव्हरच्या, म्हणजे पाळी बदलताना रुग्ण सोपवण्याच्या, वेळी खाटेपाशी घेऊन जा. केस पेपर वाचण्याआधी रुग्णाच्या हाताला हात लावायला सांगा. तो हात थंड आहे की घामेजलेला, हे कळल्यावर कागदावरचे आकडे वेगळे वाचले जातात. मी माझ्या विद्यार्थिनींना हे सांगते, पण तुम्ही वॉर्डमध्ये सांगितलेले त्यांच्या जास्त लक्षात राहते.

प्रश्न : माझे पोस्ट बेसिक या वर्षी पूर्ण होईल. निकालानंतर काय करायचे असते? जीएनएमच्या कागदांवर माहेरचे नाव आहे, आधारवर सासरचे.

उत्तर : पदवी मिळाली की ती अतिरिक्त अर्हता म्हणून महाराष्ट्र परिचर्या परिषदेकडे नोंदवून घ्यावी लागते. तुमची मूळ नोंदणी चालू असली पाहिजे, म्हणून तिचे नूतनीकरण थकले असेल तर ते आधी करा. नावाचा प्रश्न मात्र निकालापर्यंत ठेवू नका. विवाह नोंदणीचे प्रमाणपत्र आणि गरज असल्यास राजपत्रातील नावबदल आताच करून घ्या, आणि विद्यापीठाच्या परीक्षा अर्जावर तुमचे नाव कोणते गेले आहे ते आज कार्यालयात जाऊन स्वतः पाहा. पदवी प्रमाणपत्रावर छापून आलेले नाव बदलून घ्यायला जितक्या खेपा घालाव्या लागतात, त्यापेक्षा अर्जावर ते दुरुस्त करणे कितीतरी सोपे आहे.